१९३७ ची निवडणूक : उमेदवार डॉ. आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा

परळकर

बाबासाहेबांविषयी आपण बोलतो तेव्हा महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार आणि संविधान यांवर भरपूर बोलतो. मात्र फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी जे आंबेडकर मते मागत चाळीचाळींतून फिरले, ते या सगळ्यात मागे राहतात. गेले काही महिने मी त्यांच्या त्या निवडणुकीविषयी वाचतो आहे, आणि एक प्रश्न मनातून जात नाही. तो इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्याच विषयावर त्यांचे सविस्तर भाषण झाले. अवघ्या तीन महिन्यांनी, ऑगस्ट १९३६ मध्ये, त्यांनी निवडणुकीसाठी पक्ष काढला, तेव्हा त्याच्या नावात ना अस्पृश्य हा शब्द होता ना दलित. नाव ठेवले स्वतंत्र मजूर पक्ष. जाहीरनाम्यात जमिनीचे तुकडे पडणे आणि शेतीवर माणसांचा वाढता भार हे गरिबीचे मूळ सांगितले होते आणि उपाय म्हणून जुन्या धंद्यांचे पुनरुज्जीवन, नवे उद्योग व तांत्रिक शिक्षण सुचवले होते. जनहितासाठी आवश्यक तेथे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, शेतकऱ्यांसाठी भू-तारण बँका, सहकारी संस्था आणि खरेदी-विक्री संघ असावेत, खोत आणि तालुकदार यांच्या जाचापासून कुळांना संरक्षण मिळावे, कामगारांच्या नेमणुका, बडतर्फी, कामाचे तास, पगारी रजा आणि घरे यांबाबत कायदे व्हावेत, असे त्यात मांडले होते. शहरातल्या कनिष्ठ मध्यमवर्गाच्या घरभाड्याचाही त्यात विचार होता.

विधानसभेच्या १७५ जागांपैकी या पक्षाने फक्त १७ लढवल्या. सरकार आपले येणार नाही, हे उमेदवाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मग एवढा सविस्तर आर्थिक कार्यक्रम कोणासाठी लिहिला? मजूर हे नाव अधिक मते मिळावीत म्हणून घेतले होते, की त्या वेळी त्यांची भूमिकाच तशी होती?

सह्यकडा

चांगला विषय. प्रचार कसा झाला हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मुंबईत भायखळा-परळ भागातल्या राखीव जागेवर काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध पालवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळू हे क्रिकेटमधल्या हिंदू संघाचे नामांकित डावखुरे गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. चांभार समाजात जन्मलेल्या ज्या खेळाडूला एके काळी मैदानाबाहेर वेगळ्या कपातून चहा दिला जाई, त्याचा आंबेडकरांना तरुणपणी अभिमान होता. पुढे १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १९३७ मध्ये ते समोरासमोर आले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

हा फरक मोठा नाही. काँग्रेसची लाट होती आणि समोर एक लोकप्रिय, सज्जन माणूस होता. केवळ जातीच्या किंवा नावाच्या बळावर लढत झाली असती, तर ती अधिकच अवघड गेली असती. म्हणून जाहीरनामा हा शोभेचा कागद होता असे मला वाटत नाही. बाळूंपेक्षा आपण वेगळे काय करणार, हे उमेदवाराला मतदारांपुढे मांडावेच लागले असणार.

कातळवाट

माझे आजोळ गुहागर तालुक्यात आहे आणि आईकडचे सगळे खोताचे कूळ होते, म्हणून "खोतांच्या जाचापासून संरक्षण" या शब्दांवर थोडे लिहितो. शहरातल्या वाचकाला ती जाहीरनाम्यातली एक ओळ वाटते. आमच्याकडे ती ओळ म्हणजे वर्षभराचे जेवण होते.

खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला माणूस. गावाचा सारा तो सरकारात भरायचा आणि कुळाकडून धान्याच्या रूपाने वसूल करायचा. भाताच्या जमिनीवर अर्धेल, म्हणजे निम्मे पीक. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. आजी सांगायची, की झोडणी झाली तरी खळ्यावरचे भात घरात न्यायची मुभा नव्हती. खोताचा माणूस येऊन मापे घालेपर्यंत ती रास तशीच राखावी लागे, रात्री तिच्याजवळ झोपावे लागे. मापे त्याची आणि हिशेबही त्याचाच. पावती मिळत नसे, त्यामुळे पुढच्या वर्षी बाकी किती निघेल ते कुळाला कळायला मार्ग नव्हता. वर वेठ असायचीच. खोताच्या घराची शाकारणी, लाकडे, पालखीला खांदा हे सगळे बिनमोल.

त्या निवडणुकीच्या वेळी अलिबागजवळ चरीचा संप चालू होता, हे विसरू नये. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये तिथल्या कुळांनी जमिनी कसणे थांबवले. गावेच्या गावे लाकूडफाटा विकून, मजुरी करून वर्षानुवर्षे जगली, पण मागे हटली नाहीत. त्यांच्यात बहुसंख्य आगरी आणि कुणबी होते. तेव्हा खोती रद्द करा असे म्हणणारा उमेदवार केवळ आपल्या जातीसाठी बोलत नव्हता. परळकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर इथे आहे असे मला वाटते.

लालबागची लेक

कातळवाट यांचे लिखाण वाचून गलबलून आले. तरीही मला वेगळे मत नोंदवायचे आहे, आणि ते आदराने नोंदवते.

माझे वडील आणि आजोबा दोघेही गिरणीत होते आणि घरात लाल बावट्याचे वातावरण होते. तिथे लहानपणापासून ऐकलेला आक्षेप असा, की कामगारांचे नाव घेणारा आणखी एक पक्ष काढून कामगारांची एकजूट मोडली. १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला होता, हे आजोबा शेवटपर्यंत विसरले नाहीत. पक्षाचे बहुतेक उमेदवार राखीव जागांवर होते आणि मते मुख्यतः महार समाजाची होती. मग नावात मजूर असला तरी व्यवहारात तो एका समाजाचाच पक्ष राहिला, हे मान्य करायला हरकत नसावी. जाहीरनामा व्यापक होता, पण ज्यांच्यासाठी तो लिहिला होता, ते सगळे त्याच्यामागे आले नाहीत. याची जबाबदारी केवळ इतरांवर टाकता येणार नाही.

धोटा

लालबागच्या ताई, तुमच्या आजोबांचा राग मी समजू शकतो. माझेही आजोबा गिरणीत होते, पण सूत कातण्याच्या त्रासन खात्यात, आणि आयुष्यभर त्याच खात्यात राहिले. साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार बराच जास्त होता. ते हुशार होते, हात चलाख होता, पण साचा त्यांना कधीच मिळाला नाही. कारण एवढेच, की मागावरच्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका पाळीतला धोटा पुढच्या पाळीतल्या माणसाच्या तोंडी जायचा, आणि अस्पृश्याच्या तोंडचे सूत तोंडात घ्यायला बाकीचे कामगार तयार नसत. हे मालकाने ठरवलेले नव्हते, हे कामगारांनी कामगारांशी केले होते.

१९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी ही अट काढून टाकण्याची मागणी बाबासाहेबांनी लावून धरली, तेव्हा कुठे ती संपाच्या मागण्यांत आली. एकजूट कोणी मोडली असे विचारायचे असेल, तर प्रश्न त्या धोट्यापासून सुरू करावा लागेल. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. स्वतंत्र मजूर पक्षाचे नाव मला त्या दोन शब्दांच्या मधोमध उभे दिसते. मजूर म्हणून इतरांबरोबर जायचे आहे, पण ज्या एकजुटीत साचाखाते बंद आहे, तिच्यात विरघळून जायचे नाही. म्हणून स्वतंत्र.

लालबागची लेक

साचाखात्याची गोष्ट आमच्या घरात कोणी सांगितली नव्हती. आजोबा स्वतः साचेवाले होते. एवढेच आज लिहिते.

तक्षीम

माझे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावचे खोत. कातळवाट यांनी लिहिलेले खोटे नाही, आणि मी त्याचे समर्थन करायला आलेलो नाही. फक्त एक तपशील नोंदवतो, कारण तो त्या उमेदवाराच्या विचाराशी जोडलेला आहे.

सगळे खोत गढीवाले नव्हते. पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन एका गावाच्या खोतीत दहा-पंधरा तक्षीमदार, म्हणजे हिस्सेदार असत. माझ्या पणजोबांच्या वाट्याला तीन वर्षांतून एकदा वहिवाट यायची. असे खोत स्वतः कर्जात असत, आणि म्हणूनच कुळाला अधिक पिळत. वाटा हातात असलेल्या वर्षात सगळे वसूल करायचे, ही वृत्ती त्या पद्धतीतूनच येई.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. त्यात खोतांना वाजवी भरपाई देण्याची तरतूद होती आणि जो प्रत्यक्ष जमीन कसतो त्याला जमीन महसूल कायद्यानुसार कब्जेदाराचा दर्जा मिळायचा होता. म्हणजे जमीन हिसकावण्याची भाषा त्यात नव्हती. मधला माणूस काढून कूळ आणि सरकार यांचा थेट संबंध जोडायचा होता. माझ्या वडिलांचे मत असे होते, की ते विधेयक तेव्हाच मंजूर झाले असते, तर आमच्यासारख्या लहान खोतांची सुटका दहा-बारा वर्षे आधी झाली असती आणि गावातला कडवटपणाही कमी झाला असता. प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला.

सह्यकडा

तक्षीम, तुमच्या प्रामाणिक लिखाणाबद्दल मनापासून आभार. त्या विधेयकाला जोड देण्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला होता. रीगल सिनेमासमोर आज राज्य पोलिसांचे मुख्यालय असलेली दगडी इमारत म्हणजेच तो कौन्सिल हॉल. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना शिष्टमंडळ भेटले. त्या मोर्चात कुणबी, महार, आगरी सगळे होते आणि कम्युनिस्ट कार्यकर्तेही बरोबर होते, हे लालबागच्या ताईंना आवर्जून सांगावेसे वाटते.

मुखत्यार

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण मते कुठून आली हे कळल्याशिवाय भूमिका कळत नाही.

ही निवडणूक १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली झाली. प्रौढ मताधिकार नव्हता. मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींवर संपूर्ण ब्रिटिश भारतात मिळून सुमारे ३ कोटी लोकांनाच मत होते. कातळवाट यांच्या आजीला किंवा रास राखणाऱ्या बहुसंख्य कुळांना मत असण्याची शक्यता फारच कमी होती. ज्यांना मतच नाही, त्यांचा प्रश्न उमेदवाराने जाहीरनाम्यात ठळकपणे घेतला, या एका गोष्टीमुळे मते मिळवण्यासाठी ते नाव घेतले हा तर्क मला लंगडा वाटतो.

दुसरा मुद्दा पुणे कराराचा. मुंबई प्रांतात अस्पृश्यांसाठी १५ जागा राखीव होत्या, पण अंतिम मतदान संयुक्त होते. राखीव जागेवर चारपेक्षा जास्त उमेदवार असतील, तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक फेरीत चौघे निवडायचे आणि मग त्या चौघांपुढे सगळ्या मतदारांनी मत द्यायचे, अशी पद्धत होती. म्हणजे स्वतःच्या समाजाचा विश्वास मिळवूनही अखेर इतरांची मते लागतच. त्यात मुंबई प्रांतातल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत असत. निष्ठावंत मतदारांनी मते एकवटली, तर अल्पसंख्याकांचा उमेदवार तग धरू शकत असे. तेव्हा इतरांना आपलेसे वाटेल असा कार्यक्रम आणि आपल्या माणसांची घट्ट फळी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आवश्यक होत्या. परळकर विचारतात ते "हे की ते" असे मुळात नव्हतेच, असे माझे मत आहे.

गावकूस

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. खोतीबरोबरच त्यांनी महार वतनाचे विधेयकही पुन्हा आणले. पहिल्यांदा ते १९२८ मध्ये, जुन्या कौन्सिलात सरकारनियुक्त सदस्य असताना आणले होते.

वतन हा शब्द आज मानाचा वाटतो. वतनदार महार म्हणजे चोवीस तास सरकारचा नोकर, आणि पगाराच्या नावाने थोडी इनाम जमीन, बलुते आणि चार नाणी. सांगावा घेऊन जा, साहेबांच्या घोड्यामागे पळ, मयताची खबर गावोगाव पोचव. नेमलेला माणूस घरी नसेल, तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला उभे राहावे लागे. आमच्या आजोबांची आठवण अशी, की लग्नाच्या हळदीच्या अंगाने ते टपाल घेऊन तालुक्याला गेले होते, कारण त्या दिवशी घरात दुसरा पुरुष नव्हता.

बाबासाहेबांचे म्हणणे असे, की जमिनीवर पूर्ण सारा घ्या, पण ही चाकरी सोडवा. सारा वाढेल म्हणून आमच्याच समाजातल्या काही वतनदारांना हे पटत नव्हते. ज्या मतदारांवर निवडून यायचे, त्यांच्यातल्याच काहींना न आवडणारी गोष्ट त्यांनी लावून धरली. कनिष्ठ गाव-वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली, तेव्हा ते हयात नव्हते. मला या जाहीरनाम्याची थोरवी इथे दिसते. ज्याला सत्ता मिळणार नव्हती, त्याने मतदारांना फक्त गोड लागेल तेवढेच सांगितले नाही.

वाचनवेडी

त्या जाहीरनाम्यात गावांच्या नियोजनाचाही विचार आहे. स्वच्छता आणि घरे यांबरोबर प्रत्येक गावाला सभागृह, ग्रंथालय आणि फिरता सिनेमा मिळावा असे त्यात म्हटले आहे. मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात अठरा वर्षे काम केले. फिरत्या पेट्या घेऊन आम्ही वाड्यांवर जायचो, तेव्हा समाजमंदिराच्या ओट्यावर पोरे आधीच चपला काढून बसलेली असायची. १९३६ मध्ये, जेव्हा मंदिरात आणि पाणवठ्यावर प्रवेश नव्हता, तेव्हा कोणीतरी गावासाठी असे सभागृह आणि पुस्तके मागितली होती, जिथे सगळ्यांना बसता येईल. खोतीवर आणि गिरणीवर पुष्कळ लिहिले जाते, या ओळीवरही लिहिले जावे एवढीच इच्छा.

उत्तररात्र

सगळ्यांचे वाचून एक शंका राहतेच. मजूर हीच खरी भूमिका असेल, तर जुलै १९४२ मध्ये हा पक्ष बाजूला ठेवून नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन का स्थापन केले? पाच-सहा वर्षांत पुन्हा जातीच्या नावाकडे वळावे लागले, याचा अर्थ १९३७ चा प्रयोग फसला, असेच म्हणावे लागेल. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपांवर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा मोठा संप झाला, गोळीबारही झाला, तरी विधेयक मंजूर झालेच. खोतीचे विधेयक मंजूर झाले नाही आणि वतनाचेही नाही. मी हे दोष म्हणून सांगत नाही. पण पराभवाला पराभव म्हटले पाहिजे.

मुखत्यार

उत्तररात्र, १९४२ पर्यंत परिस्थिती पार बदलली होती. महायुद्ध सुरू झाले होते, १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली होती आणि सत्तांतराची बोलणी धर्म व समाज यांच्या प्रतिनिधींशी चालली होती. ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स यांच्या योजनेत अस्पृश्यांच्या हाती काहीच लागले नाही. त्या मेजावर मजूर पक्षाला खुर्चीच नव्हती. त्यांनी कार्यक्रम सोडला नाही, नाव बदलले. त्याच जुलै महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, हेही ध्यानात घ्या.

परळकर

इतके मिळेल असे वाटले नव्हते. सर्वांचे मनःपूर्वक आभार.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत आता ठरले आहे. मजूर हे नाव मते मिळवण्यासाठी घेतलेले नव्हते. ज्यांना मत नव्हते, त्यांची कुळकथा त्यात होती, आणि ज्यांना मत होते, त्यांच्यातल्या काहींना न रुचणारी वतनाची गोष्टही होती. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आणि शामराव परुळेकर यांच्यासारखे अस्पृश्य नसलेले सहकारी त्या पक्षातर्फे सभागृहात गेले, हेही याच बाजूला जाते. परुळेकर पुढे कम्युनिस्ट झाले आणि पत्नी गोदावरीबाईंसह वारली आदिवासींच्या लढ्यात उभे राहिले.

उत्तररात्र यांचे म्हणणे मी नाकारत नाही. विधेयके पडली. पण जाहीरनाम्यातली ओळ फेब्रुवारीत प्रचारात येते आणि सप्टेंबरात विधेयक होऊन सभागृहात मांडली जाते, हे आपल्याला आज किती ठिकाणी दिसते? त्यांनी निवडून आल्यावर पहिल्या सात-आठ महिन्यांत हे केले. कार्यक्रम सविस्तर होता, म्हणूनच त्याची विधेयके होऊ शकली. सत्ता नसतानाही इतके का लिहिले, या माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळते.

कातळवाट

काल आईशी फोनवर बोललो आणि हा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, मामाकडे पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या नावाचा पहिला सातबारा अजून आहे. शाई उडाली आहे, पण नाव वाचता येते. कुळकायद्यानंतर तलाठ्याने तो हातात दिला, तेव्हा आजोबांना वाचता येत नव्हते. त्यांनी तो शाळामास्तरांकडून दोनदा वाचून घेतला, आणि त्या वर्षी झोडणी झाल्यावर कोणाचीही वाट न बघता भात त्याच संध्याकाळी घरात आणले. आजी मात्र सवयीने खळ्यावर झोपायला गेली होती.

तक्षीम

कातळवाट, मे महिन्यात गावी येणार असाल तर कळवा. आमच्याकडे वसुलीच्या जुन्या वह्या आहेत. तुमच्या आईंना दाखवायला आवडतील.

कातळवाट

नक्की येतो. आईलाही घेऊन येतो.